सभामंडपात कोणास बोलवावे?

(उत्सवसमितीसाठी आणि घरोघरीच्या श्रोत्यांसाठी एक अभ्यासपाठ)

चैत्र जवळ येऊ लागला, वाळवंटीच्या काठी विठ्ठलापुरात चैत्रोत्सवाची लगबग सुरू झाली, की आमच्या साखळीतील लहानमोठ्या देवालयांच्या बैठकांतून एक प्रश्न हटकून निघतो : ‘यंदा कीर्तनाला कोणास आणावयाचे?’ मग नावे पुढे येतात. कोणी एखाद्या नामांकित बुवांचे नाव घेतो, तर कोणी मुंबईपुण्याकडील एखाद्या व्याख्यात्याचे. बैठक संपते, पत्र जाते, होकार येतो, आणि समिती सुटकेचा नि:श्वास टाकते. परंतु सभामंडपात त्या दिवशी कोणते विचार पेरले जावेत, ते कोणाच्या अंत:करणात रुजावेत, याचा विचार त्या बैठकीत क्वचितच होतो. या पाठात आम्ही त्याच विषयाचा ऊहापोह करू इच्छितो.

प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचा वाटेल. परंतु तो तेवढाच नाही. डिचोली, सत्तरी, पेडणे हे आमचे प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे तिसवाडी, बार्देश व सासष्टी यांच्यामागून सुमारे दोन शतकांनी. त्यामुळे येथील देवळे टिकली, आणि देवळांबरोबर पोथी, पुराण, भजन व कीर्तन हेही टिकले. घरात कोकणी आणि देवळात मराठी, अशा दोन भाषांच्या मांडीवर आमच्या पिढ्या वाढल्या. ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही अशा आयाबायांना ध्रुवाची, प्रल्हादाची, चोखोबांची आणि जनाबाईंची ओळख झाली ती सभामंडपातील समईच्या उजेडात. आमच्या पूर्वजांची शाळा ती हीच.

आणि मुक्तपणे बोलणे व ऐकणे ही गोष्ट या भूमीला फुकट मिळालेली नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले, तेव्हा तत्कालीन सत्तेने त्यांना व त्यांचे यजमान डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांना अटक केली. एका वक्त्याने चार शब्द बोलावे, एवढेही त्या राजवटीला सोसले नाही. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आज आम्ही कोणासही बोलावू शकतो, कोणत्याही सद्विषयावर बोलवू शकतो. ज्या स्वातंत्र्यासाठी एवढे मोल पडले, त्याचा उपयोग आम्ही निष्काळजीपणे करावा काय?

आमचीच एक चूक

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपली चूक सांगावी, हे बरे. काही वर्षांपूर्वी आम्ही घाटावरील एका विख्यात व्याख्यात्यास उत्सवात पाचारण केले. पत्रात दिवस लिहिला, स्थळ लिहिले. विषय लिहिला नाही, श्रोते कोण असतील हेही लिहिले नाही. ते बिचारे महाविद्यालयीन तरुणांसमोर बोलावयाचे समजून तयारी करून आले. समोर पाहतात तो आजीबाई, लेकुरवाळ्या सुना आणि पेंगुळलेली मुले! त्या दिवशी पालखीला उशीर झाला. नंतर अध्यक्षांचे भाषण, मग पाहुण्यांचा परिचय, मग देणगीदारांचा सत्कार, असे करता करता पाऊण तास गेला. व्याख्याते उभे राहिले तेव्हा पावणेदहा वाजले होते. दहाला ध्वनिक्षेपक बंद करणे भाग होते. पंधरा मिनिटांत आमच्या चिटणिसांनी त्यांच्यापुढे चिठ्ठी सरकवली, आणि त्यांनी हात जोडून भाषण आटोपते घेतले.

मानधनाचा आकडाही आम्ही आधी ठरविला नव्हता. पाकिटात जे घातले ते त्यांच्या प्रवासखर्चाला तरी पुरले की नाही, कोण जाणे. त्यांनी एक शब्द काढला नाही. सकाळच्या गाडीसाठी त्यांना पहाटेच थिवी स्थानकावर पोहोचावयाचे होते. वाहनाची सोय कोणी करावयाची, हे कोणीच ठरविले नव्हते. प्रत्येकास वाटले, ते काम दुसऱ्याकडे आहे. अखेरीस ते स्वत:च एक भाड्याची गाडी मिळवून चहासुद्धा न घेता निघून गेले. दुसऱ्या दिवशी देवळात एका वृद्ध मातेने आम्हास विचारले, ‘पावणो उपाशी गेलो काय रे?’ त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. देवाच्या दारातून अतिथी विन्मुख गेला होता, आणि दोष सर्वस्वी आमचा होता.

पुढे जे लिहिले आहे ते त्या एका प्रश्नाने शिकविलेले आहे.

विषय आधी, वक्ता मागून

पहिला नियम हा, की नाव सुचविण्यापूर्वी प्रयोजन ठरवावे. या वर्षी आपल्या कुटुंबांना कशाची गरज आहे? तरुण पिढी देवळापासून दुरावत आहे काय? व्यसनाने काही घरे पोखरली जात आहेत काय? वृद्धांना एकटेपणा जाणवत आहे काय? की केवळ नामसंकीर्तनाचा निर्भेळ आनंद हवा आहे? प्रयोजन एका वाक्यात लिहून काढावे. ते लिहिता येत नसेल, तर वक्ता शोधण्याची वेळ अद्याप आलेली नाही असे समजावे.

प्रयोजन ठरले की प्रकार ठरतो. कीर्तन, प्रवचन आणि व्याख्यान यांची आपण पुष्कळदा गल्लत करतो. नारदीय कीर्तनात बुवा उभे राहून पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे वा पदाचे निरूपण करतात. मध्यंतरी नामाचा गजर होतो, बुवांना हार व बुक्का अर्पण होतो. मग उत्तररंगात त्याच सिद्धांताला अनुसरून आख्यान रंगते. वारकरी कीर्तनात आख्यानाचा असा स्वतंत्र भाग नसतो. एक अभंग घेऊन टाळकऱ्यांच्या व मृदंगाच्या साथीने त्याचाच विस्तार होतो. प्रवचनकार बसून ग्रंथाचे विवरण करतो; तेथे गायनाला दुय्यम स्थान. व्याख्यान ही त्यामानाने अलीकडची रीत. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून ती महाराष्ट्रात चांगलीच रुजली. मुले व वृद्ध एकत्र बसणार असतील तर आख्यानयुक्त कीर्तनासारखे साधन नाही. आरोग्य, शिक्षण वा इतिहास यांची माहिती द्यावयाची असेल तर व्याख्यान बरे. ग्रंथाची गोडी लावावयाची असेल तर सलग चारपाच दिवसांचे प्रवचन.

निवड कशी करावी

कीर्ती ही एक साक्ष आहे, परंतु एकमेव साक्ष नव्हे. हल्ली भ्रमणध्वनीवर दोनचार मिनिटांचे तुकडे पाहून निवड केली जाते. दोन मिनिटांत टाळ्या मिळविणे सोपे. दीड तास श्रोत्यांना एका विचारावर धरून ठेवणे कठीण. म्हणून समितीतील निदान दोघांनी त्या बुवांचे वा व्याख्यात्याचे एक संपूर्ण कीर्तन वा भाषण, शक्य तर समक्ष जाऊन, ऐकावे. ऐकताना तीन गोष्टी पाहाव्यात : विषय धरून बोलतात की वाट फुटेल तिकडे जातात, हशा पिकविण्यासाठी कोणा जातीची, पंथाची वा स्त्रीजातीची चेष्टा करतात काय, आणि घरी परतताना आपल्या मनात काय उरते.

ज्या देवालयात ते पूर्वी येऊन गेले, तेथील चिटणिसांना विचारावे. ‘कीर्तन कसे झाले?’ एवढेच न विचारता ‘पुन्हा बोलवाल काय?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक खरे असते.

आमच्या भागात भाषेचाही विचार हवा. बुवांची मराठी शुद्ध व प्रौढ असावी हे खरे. पण घाटावरील म्हणी व विनोद आमच्या मुलांना उमगतातच असे नाही. तेव्हा वक्त्यास आधी सांगावे, की श्रोते घरी कोकणी बोलतात. जाणते कीर्तनकार त्याप्रमाणे दृष्टांत बदलतात. इतकेच नव्हे, तर आमच्याच मातीतील विषय त्यांना सुचविण्यास हरकत नाही. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली श्रीकृष्णचरित्रकथेची रचना आरंभिली. बांद्याच्या सोहिरोबानाथ आंबिये यांनी महदनुभवेश्वरीसारखा ग्रंथ लिहिला आणि पेडण्यातील शासकीय महाविद्यालयास आज त्यांचेच नाव आहे. बाहेरच्या वक्त्याने आमच्या संतकवीचे एक पद घेऊन निरूपण केले, तर श्रोत्यांच्या मुद्रेवर जो अभिमान उमटतो तो पाहण्यासारखा असतो.

दूरचाच वक्ता मोठा, हाही भ्रम सोडावा. दादर येथील अखिल भारतीय कीर्तन संस्था किंवा पुण्याची हरिकीर्तनोत्तेजक सभा यांसारख्या संस्थांनी कीर्तनाचे पद्धतशीर शिक्षण दिले आहे. परंतु गोमंतकातही अभ्यासू कीर्तनकार आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत. वर्षातील एक दिवस तरी होतकरू स्थानिक कीर्तनकारासाठी राखावा. आज जो नामवंत आहे, त्यालाही कोणीतरी प्रथम उभे केलेच होते.

बिदागीचा अवघड प्रश्न

आता ज्याविषयी बोलण्यास आपण संकोचतो, त्या विषयाकडे वळू. तुकोबारायांच्या एका अभंगात असा कडक दंडक आहे, की जेथे कीर्तन करावे तेथे अन्न सेवू नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलासाठी दाणावैरणही मागू नये. आणि जे द्रव्य घेतात ते, तसेच जे देतात तेही, अधोगतीस जातात. देणाऱ्यासही महाराजांनी सोडलेले नाही! आमच्यातील काही वृद्ध सभासद या अभंगाकडे बोट दाखवून विचारतात, ‘मग आपण बिदागी देतो ती कोणत्या आधारावर?’

या अभंगाची धार बोथट करण्याची आमची इच्छा नाही. हरिकथा ही विकाऊ वस्तू नव्हे, हा त्याचा गाभा आहे, आणि तो आजही तितकाच खरा आहे. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पूर्वी कित्येक हरिदासांना इनामे व वर्षासने असत. त्यांच्या योगक्षेमाचा भार समाज दुसऱ्या वाटेने वाहत असे. आज ती वाट उरलेली नाही. कीर्तनकारास घर आहे, मुलांचे शिक्षण आहे. पेटीवादकास व तबलजीस तर त्या संध्याकाळच्या कमाईवरच महिना काढावा लागतो. त्यांना रिकाम्या हाताने पाठवून तुकोबांचा दाखला देणे म्हणजे संतांच्या वैराग्याआड आपली कृपणता लपविणे होय.

आमच्यापुरता आम्ही असा निर्णय केला आहे. नामाचे मोल नाही, ते कोणी देऊ शकत नाही. आम्ही देतो ते प्रवासाचे, वेळेचे व साथीदारांच्या श्रमांचे. ती रक्कम आधी मोकळेपणाने विचारून ठरवावी, वर्षाच्या अंदाजपत्रकात धरावी आणि पत्रात लिहावी. कीर्तन संपल्यावर दारात घासाघीस करणे, किंवा जमलेली आरती मोजून त्यावरून आकडा ठरविणे, हा खरा विक्रय. एखाद्या बुवांनी बिदागी घेण्याचे नाकारले तर आग्रह धरू नये. मात्र प्रवासखर्च व साथीदारांचे मानधन अवश्य द्यावे. आणि मागितलेली रक्कम आपल्या शक्तीबाहेरची असेल, तर तसे नम्रपणे कळवावे. ‘आमचे देवालय लहान आहे, एवढेच देणे शक्य आहे’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. कबूल करून कमी देण्यात आहे.

पत्र आणि आतिथ्य

तोंडी होकारावर विसंबू नये. पत्रात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : दिवस, तिथी व नेमकी वेळ, प्रयोजन व विषय, श्रोत्यांची अंदाजे संख्या व वये, भाषणाचा अवधी, आधी व नंतर कोणते कार्यक्रम आहेत, साथीदार कोणाचे, पेटीतबला येथे मिळेल की आणावा लागेल, मुक्कामाची सोय, आहाराचे पथ्य अथवा उपवास, आणि ठरलेली रक्कम. कार्यक्रमापूर्वी आठ दिवस पुन्हा एकदा विचारपूस करावी.

प्रवासाची जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर सोपवावी. ‘कोणीतरी जाईल’ म्हणजे कोणी जात नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो. रेल्वेने येणारा पाहुणा थिवीस उतरेल, विमानाने येणारा मोपा येथे किंवा दाबोळीस. बेळगावहून येणारा चोर्ला घाटाने येईल, आणि पावसाळ्यात त्या घाटात धुके व दरडी यांमुळे उशीर होतो हे त्यास आधी सांगावे. पाहुणा आल्यावर प्रथम हातपाय धुण्यास पाणी, थोडी विश्रांती, मग देवदर्शन. आल्या आल्या त्यास सभासदांच्या घोळक्यात बसवू नये. ज्यास दीड तास बोलावयाचे वा गावयाचे आहे त्याचा आवाज आपण गप्पांत खर्ची घालू नये. कित्येक कीर्तनकार कीर्तनापूर्वी भोजन करीत नाहीत. त्यांच्यासाठी रात्री उशिरा ऊन अन्न तयार असावे, आणि साथीदारांचे पान त्यांच्याच पंक्तीत मांडावे.

ध्वनिक्षेपक दुपारीच तपासावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्या जागी तो लावता येत नाही. सणउत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. तेव्हा परवान्याची चौकशी आधी करावी आणि कीर्तनाची वेळ त्या मानाने मागे घ्यावी. परिचय तीन मिनिटांत संपवावा. सत्कार व आभार दुसऱ्या दिवशीही करता येतात. श्रोत्यांचे टवटवीत मन मात्र दुसऱ्या दिवशी मिळत नाही.

श्रोत्यांचे कर्तव्य

नवविधा भक्तीत कीर्तन दुसरे आहे; पहिले आहे श्रवण. दासबोधाच्या चौथ्या दशकातही समर्थांनी हाच क्रम ठेवला आहे. यावरून श्रोत्याचा अधिकार केवढा मोठा, हे ध्यानात यावे. वक्ता कितीही थोर असो, समोर कुजबूज चालली असेल, भ्रमणध्वनी वाजत असतील, मुले मोकाट धावत असतील, तर त्याची वाणी कोमेजते. वेळेवर यावे, पुढील जागा रिकाम्या ठेवून मागे खांबांना टेकून बसू नये, वृद्धांना ऐकू येईल अशा जागी बसवावे. ध्वनिमुद्रण वा चित्रण करावयाचे असल्यास वक्त्याची अनुज्ञा घ्यावी. त्यांनी नको म्हटले तर तो विषय तेथेच संपवावा.

चौदाव्या दशकात समर्थांनी कीर्तनाची व हरिकथेची लक्षणे सांगितली आहेत. गायनकलेच्या मोहात हरिकथाच हरवू नये, हा त्यातील इशारा जसा बुवांना आहे तसा श्रोत्यांनाही आहे. ‘तान काय सुंदर घेतली!’ एवढेच आठवत घरी जाणारा श्रोता अर्धाच तृप्त झाला.

आणि वक्ता चुकला तर? एखादे विधान कोणाच्या मनास लागले, एखादी ऐतिहासिक चूक झाली, तर भर सभेत हुज्जत घालू नये. कार्यक्रमानंतर अध्यक्षांनी एकांतात, नम्र शब्दांत सांगावे. मात्र कोणा समाजाची निंदा चालू झाली असेल, तर सभ्यतेच्या नावाखाली गप्प राहू नये. अध्यक्षांनी उठून विषयाकडे वळण्याची विनंती करावी. देवाच्या दारी बसलेल्या एकाही माणसाने मान खाली घालून घरी जावे, हे आम्हास पटत नाही.

कार्यक्रमानंतर

वक्त्यास गाडीत बसवून दिल्यावर काम संपत नाही. ते सुखरूप पोहोचले की नाही याची चौकशी करावी. आठ दिवसांत आभाराचे पत्र जावे, आणि त्यात श्रोत्यांच्या मनास भिडलेला एखादा प्रसंग लिहावा. वक्त्यास हारापेक्षा ते पत्र अधिक काळ पुरते. समितीने एक वही ठेवावी : कोण आले, विषय काय होता, खर्च किती झाला, कोणती उणीव राहिली. समित्या बदलतात, वही राहते. आमच्या वहीच्या पहिल्याच पानावर आम्ही त्या वृद्ध मातेचा प्रश्न लिहून ठेवला आहे, म्हणजे नव्या सभासदाने वही उघडली की तो प्रथम वाचावा.

त्या व्याख्यात्यांना आम्ही पुढे क्षमापत्र पाठविले. त्यांचे उत्तर आले, दोनच ओळींचे. पुन्हा बोलावल्यास येईन, असे त्यात होते. विद्वत्तेहूनही मोठे असे काही त्या दोन ओळींत आम्हास दिसले.

घरी विचार करण्यासाठी

१. गेल्या उत्सवात ऐकलेल्या कीर्तनातील कोणती गोष्ट आपल्या घरात आजही बोलली जाते?

२. पुढील वर्षी कोणत्या विषयावर ऐकावे असे आपल्या घरातील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध व्यक्तीस वाटते? दोघांस विचारून समितीस लेखी कळवावे.

३. बिदागीविषयी वर मांडलेला निर्णय आपणास मान्य आहे काय? नसल्यास कोणत्या कारणाने?

४. पाहुण्याच्या येण्याजाण्याचे, मुक्कामाचे वा भोजनाचे कोणते एक काम आपले कुटुंब अंगावर घेऊ शकेल?

सभामंडप आपला आहे. त्यात उमटणारा शब्दही आपली ठेव आहे. तो शब्द निर्मळ असावा, आणि तो घेऊन येणारा अतिथी आपल्या दारातून तृप्त होऊन जावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.